नेरे परिसरातून बाळंतपणासाठी कुठे जाल?

“आमच्या जवळ योजनेतल्या बाई डॉक्टर कोण आहेत?” नेरे, जांबे, मारुंजी, कासारसाई या पट्ट्यातून हा प्रश्न पुन्हा पुन्हा येतो. कुणाकडे आयुष्मान कार्ड असतं, कुणाकडे केशरी रेशनकार्ड, तर कुणाच्या पगारातून दर महिन्याला ईएसआयचे पैसे कापले जातात. दिवस गेल्याचं कळतं आणि हिंजवडी-वाकडच्या रस्त्यावर स्त्रीरोगतज्ज्ञांच्या पाट्या तर भरपूर दिसतात. आत गेल्यावर मात्र “इथे कार्ड चालत नाही” एवढंच ऐकायला मिळतं. मग सातवा महिना येतो, आठवा येतो आणि शेवटी कळा सुरू झाल्यावर जे दार उघडं दिसेल तिथे नेलं जातं. पुढची दोन वर्षं त्या बिलाचं कर्ज फेडण्यात जातात.

हे टाळता येतं. त्यासाठी एक गोष्ट आधी समजून घ्या. सरकारी आरोग्य योजना डॉक्टरांना मान्यता देत नाहीत. त्या रुग्णालयाला मान्यता देतात, त्यातल्या ठरावीक विभागाला देतात आणि तिथल्या ठरावीक उपचारांना देतात. त्यामुळे “या डॉक्टर योजनेत आहेत का?” या प्रश्नाला सरळ उत्तर मिळत नाही. “या रुग्णालयात, माझ्या कार्डावर, हा उपचार होईल का?” असं विचारलंत तर मिळतं.

बाळंतपणासाठी कार्डाची गरजच नाही, हे पुष्कळांना माहीत नसतं

सगळ्यात मोठा गोंधळ इथेच होतो. सरकारी रुग्णालयातलं बाळंतपण मोफत आहे आणि ते कोणत्याही विम्यामुळे मोफत झालेलं नाही. जून २०११ मध्ये जननी शिशु सुरक्षा कार्यक्रम सुरू झाला. सरकारी संस्थेत बाळंत होणाऱ्या कोणत्याही बाईला तो लागू आहे. रेशनकार्डाचा रंग, उत्पन्न, जात, हे कितवं मूल, यांपैकी काहीही आड येत नाही. त्यात तुम्हाला हे मिळायला हवं:

- नॉर्मल किंवा सिझर, दोन्ही प्रकारची प्रसूती विनाशुल्क
- औषधं, सलाइन, टाके-पट्टीचं साहित्य. चिठ्ठी देऊन बाहेरून आणायला लावणं यात बसत नाही
- रक्त-लघवीच्या तपासण्या आणि सोनोग्राफी
- गरज पडली तर रक्त
- नॉर्मल प्रसूतीनंतर ३ दिवस आणि सिझरनंतर ७ दिवसांपर्यंत जेवण
- घरून रुग्णालयात, एका रुग्णालयातून दुसऱ्या मोठ्या रुग्णालयात आणि शेवटी घरी सोडण्यासाठी गाडी
- आजारी बाळावर उपचार. आधी ही सोय जन्मानंतरच्या ३० दिवसांसाठी होती, नंतर ती एक वर्षापर्यंत वाढवली.

पैसे वाचवण्यासाठी योजनेत बसणारं खासगी रुग्णालय शोधत असाल, तर बहुतेकींसाठी तो शोध इथेच थांबतो. उरतो तो प्रश्न कोणत्या सरकारी रुग्णालयात नाव घालायचं हा. नेरे परिसरातून त्याचं उत्तर थोडं अवघड आहे.

कागदावर पौड, रस्त्याने थेरगाव

नेरे मुळशी तालुक्यात आहे. त्यामुळे सरकारी साखळी अशी होते: गावातल्या आशाताई, मग उपकेंद्र, मग प्राथमिक आरोग्य केंद्र (या भागात ते माणला आहे), त्याच्या वर पौडचं ग्रामीण रुग्णालय आणि त्याच्या वर औंधचं जिल्हा रुग्णालय. पण आपल्या गावाचं येणं-जाणं पौडकडे फारसं नसतं. ते हिंजवडी, वाकड, थेरगाव, पिंपरी असं असतं. गाव अजून महापालिकेच्या हद्दीत नाही, आणि जवळची मोठी रुग्णालयं मात्र पिंपरी-चिंचवड महापालिकेची आहेत. हा फरक लक्षात घेऊन ठरवा.

तुमच्यासमोर साधारण हे पर्याय आहेत.

प्राथमिक आरोग्य केंद्र. नोंदणी, लसी, लोहाच्या गोळ्या, नेहमीची तपासणी आणि सगळं ठीक असेल तर नॉर्मल बाळंतपण. इथे सिझर होत नाही. स्त्रीरोगतज्ज्ञही रोज नसतात. म्हणून ही जागा कमी दर्जाची आहे असं समजू नका. कोणतीही जोखीम नसलेल्या बाईला ओळखीच्या नर्सबाईंच्या हाताखाली, घरापासून जवळ बाळंत होता येणं ही चांगली गोष्ट आहे. अट एकच, की जोखीम नाही हे डॉक्टरांनी तपासून सांगितलेलं असावं.

औंध जिल्हा रुग्णालय, सांगवी फाट्याजवळ. ग्रामीण भागातून पुढे पाठवलेल्या रुग्णांचं हे हक्काचं ठिकाण. आरोग्य केंद्राची चिठ्ठी असेल तर ती घेऊन जा. ती नसली तरी नाव घालता येतं.

पिंपरी-चिंचवड महापालिकेची रुग्णालयं. थेरगाव रुग्णालय आणि पिंपरीत संत तुकारामनगरचं यशवंतराव चव्हाण स्मृती रुग्णालय, ज्याला सगळे वायसीएम म्हणतात. तिथे पहिल्याच भेटीत विचारा: “आम्ही नेरे गावचे, महापालिका हद्दीबाहेरचे. प्रसूतीसाठी, केसपेपरसाठी, सोनोग्राफीसाठी आम्हाला काही शुल्क लागतं का?” उत्तर स्पष्ट मिळालं नाही तर जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमाचं नाव घेऊन पुन्हा विचारा.

ससून. बी. जे. वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय. फार गुंतागुंतीच्या वेळी शेवटचा मोठा आधार. तिथपर्यंतचं अंतर बघता साध्या बाळंतपणासाठी नेरे भागातून थेट ससूनला जाण्याची गरज सहसा पडत नाही.

निवड करताना किलोमीटर मोजू नका, वेळ मोजा. सकाळी कंपन्या भरताना आणि संध्याकाळी सुटताना हिंजवडीच्या चौकांत गाडी कशी अडकते हे तुम्हाला कुणी सांगायला नको. ठरवलेल्या रुग्णालयात एकदा त्या गर्दीच्या वेळी जाऊन बघा आणि एकदा रात्री. आधी सिझर झालेलं असेल, जुळं असेल किंवा बीपी वाढलेलं असेल, तर वाटेत जाणारा वेळ हा ठिकाण निवडण्याचा पहिला निकष माना. तारीख जवळ आली की शहरातल्या नातेवाइकांकडे जाऊन राहणं शक्य असेल, तर तेही मनात ठेवा.

पाचव्या महिन्याच्या आत उरकायच्या गोष्टी

१. पाळी चुकल्याचं कळताच आशाताईंना सांगा. पहिली नोंदणी बारा आठवड्यांच्या आत व्हावी. त्यानंतर किमान तीन तपासण्या: १४ ते २६, २८ ते ३४ आणि ३६ आठवड्यांनंतर. नोंदणी झाली की माता व बाल संरक्षण कार्ड मिळतं. त्यावरच्या नोंदणी क्रमांकाचा फोटो मोबाइलमध्ये काढून ठेवा. पहिलं बाळंतपण माहेरी करायचं ठरलं तरी नोंद इथे करायला हरकत नाही. कार्ड घेऊन जायचं आणि तिथल्या आशाताईंना क्रमांक द्यायचा.

२. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी आरोग्य संस्थांमध्ये प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानाचा दिवस असतो. २०१६ पासून हे चालू आहे. दुसऱ्या किंवा तिसऱ्या तिमाहीतल्या बाईची डॉक्टरांकडून मोफत तपासणी होते, शक्य तिथे स्त्रीरोगतज्ज्ञांकडून. तुमच्या जवळच्या केंद्रात या महिन्यात तज्ज्ञ डॉक्टर येणार आहेत का, हे आशाताईंना आठ दिवस आधी विचारा. “मोफत तज्ज्ञ कुठे भेटतील?” या प्रश्नाचं सर्वांत सोपं उत्तर ही ९ तारीख आहे आणि तिचा उपयोग फार कमी जणी करून घेतात, याचं मला खरंच वाईट वाटतं.

३. त्या तपासणीत कार्डावर लाल खूण केली गेली तर घाबरू नका, पण दुर्लक्षही करू नका. लाल म्हणजे जोखमीचं बाळंतपण. रक्त फार कमी असणं, बीपी १४०/९० किंवा त्याहून जास्त, आधीचं सिझर, जुळं, साखर, रक्तगट निगेटिव्ह अशी कारणं असतात. अशा वेळी प्राथमिक केंद्रात बाळंत व्हायचा बेत सोडा आणि औंध किंवा वायसीएमसारख्या ठिकाणी लगेच नाव घाला.

४. नाव घातलेल्या रुग्णालयात निदान एकदा आधी तपासून घ्या. तिथला केसपेपर असेल तर रात्री दोन वाजता पोचल्यावर तुम्ही त्यांच्यासाठी अनोळखी नसता.

मग आयुष्मान आणि महात्मा फुले योजनेचा उपयोग काय?

उपयोग मोठा आहे, पण तो वेगळ्या वेळी होतो. राज्यात २०१२ साली राजीव गांधी जीवनदायी योजना म्हणून जी सुरू झाली, ती २०१७ पासून महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना झाली. केंद्राची आयुष्मान भारत योजना २०१८ ला आली आणि पुढे दोन्ही एकत्र राबवल्या जाऊ लागल्या. १ जुलै २०२४ पासून राज्यातल्या सगळ्या रेशनकार्डधारक कुटुंबांना, पांढरं कार्ड धरून, वर्षाला कुटुंबामागे ५ लाखांपर्यंतचं संरक्षण आहे.

ही योजना भरती होऊन घेतलेल्या, यादीत असलेल्या उपचारांसाठी आहे. त्यामुळे:

- दर महिन्याची ओपीडी तपासणी, नेहमीची सोनोग्राफी, टॉनिकं यांचा खर्च खासगी दवाखान्यात या कार्डावर निघत नाही.
- गुंतागुंत नसलेलं नॉर्मल बाळंतपण खासगी रुग्णालयात या कार्डावर होईल असं धरून चालू नका. सिझरबद्दलही तोंडी आश्वासनावर विसंबू नका. आधी आरोग्यमित्राकडून (रुग्णालयात बसणारा योजनेचा मदतनीस) खात्री करून घ्या.
- काही उपचार फक्त सरकारी रुग्णालयांसाठी राखून ठेवलेले आहेत. यादी अधूनमधून बदलते, म्हणून शेजारणीचं दोन वर्षांपूर्वी झालं म्हणजे तुमचंही होईल असं नाही.
- प्रसूतीच्या वेळी झटके येणं, अतिदक्षता विभागात ठेवावं लागणं, बाळ कमी दिवसांचं किंवा आजारी असणं, गर्भाशयाच्या किंवा अंडाशयाच्या शस्त्रक्रिया, गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे उपचार, अशा ठिकाणी हे कार्ड तुम्हाला कर्जातून वाचवतं.

मंजूर उपचाराच्या पॅकेजमध्ये जनरल वॉर्डचं बेड, डॉक्टरांची आणि भूलतज्ज्ञांची फी, ऑपरेशन थिएटर, औषधं, तपासण्या, रुग्णाचं जेवण आणि घरी परतण्याचा एसटीचा किंवा रेल्वेच्या दुसऱ्या वर्गाचा प्रवासखर्च येतो. स्वतंत्र खोली मागितलीत तर हे गणित बिघडतं. नातेवाइकांनी हौसेने “चांगली खोली द्या” म्हणण्याआधी आरोग्यमित्राशी बोलावं.

प्रत्येक मान्यताप्राप्त रुग्णालयात आरोग्यमित्राचा कक्ष असतो. डॉक्टरांना भेटण्याआधी त्याला भेटा. रिसेप्शनवरची मुलगी “योजना आहे” म्हणाली तर ते पुरेसं नाही, कारण रुग्णालय हाडांच्या किंवा हृदयाच्या उपचारांसाठी योजनेत असतं आणि स्त्रीरोग विभाग त्यात नसतो, असंही होतं. रुग्णालयांची यादी योजनेच्या संकेतस्थळावर आणि टोल फ्री १५५३८८ किंवा १८००२३३२२०० वर मिळते. आयुष्मानसाठी १४५५५.

फोनवर किंवा कक्षात नेमकं हे विचारा:

१. तुमच्याकडे स्त्रीरोग व प्रसूती विभाग योजनेत आहे का?
२. डॉक्टरांनी सांगितलेला हा उपचार (चिठ्ठीवरचं नाव वाचून दाखवा) आमच्या कार्डावर मंजूर होतो का?
३. मंजुरी यायला किती वेळ लागतो? तातडीची वेळ आली तर?
४. कोणत्या कारणासाठी आमच्याकडून वेगळे पैसे मागितले जातील?
५. बाळाला काचेच्या पेटीत ठेवावं लागलं तर तो विभाग तुमच्याकडे आहे का आणि तो योजनेत आहे का?

पाचवा प्रश्न बहुतेक जण विसरतात आणि बिल तिथेच वाढतं. आईचा उपचार एका रुग्णालयात योजनेत झाला, बाळाला मात्र शेजारच्या खासगी विभागात हलवावं लागलं आणि ते योजनेत नव्हतं, अशी वेळ कुणावरही येऊ नये.

माहेरचं नाव, सासरचं कार्ड

कागदांमुळे योजना अडते ती बहुधा एकाच ठिकाणी. लग्न होऊन दोन-तीन वर्षं झालेली असतात, पण मुलीचं नाव माहेरच्या रेशनकार्डावरून कमी केलेलं नसतं आणि सासरच्या कार्डात चढवलेलं नसतं. आधारवर अजून माहेरचं आडनाव. मग तीन कागदांवर तीन नावं होतात.

लग्नानंतरच्या पहिल्या वर्षातच हे करून टाका. माहेरच्या तहसीलच्या पुरवठा शाखेतून नाव कमी केल्याचा दाखला घ्या आणि तो लावून सासरच्या कार्डात नाव चढवा. मुळशीकरांसाठी तहसील पौडला आहे. त्यानंतर आधार दुरुस्त करा आणि मग आयुष्मान कार्डाचं ई-केवायसी. हा क्रम उलटा केलात तर दोनदा हेलपाटे होतात. सासूबाईंना किंवा नवऱ्याला हे काम “बघू नंतर” वाटत असेल, तर हा परिच्छेद त्यांना वाचून दाखवा.

दिवस भरत आले आहेत आणि कागद झालेले नाहीत, असं असेल तर धावपळ करू नका. सरकारी रुग्णालयातल्या मोफत बाळंतपणाला रेशनकार्ड लागत नाही, हे वर सांगितलंच आहे.

ईएसआय असेल तर तुमचा रस्ता वेगळा

हिंजवडीच्या कंपन्यांमध्ये हाउसकीपिंग, कँटीन, सुरक्षा, पॅकिंग अशी कंत्राटी कामं करणाऱ्या आपल्या भागातल्या हजारो बायका-पुरुषांचा ईएसआय कापला जातो. महिना २१,००० रुपयांपर्यंत वेतन असलेल्यांना तो लागू आहे. अनेकींना आपला विमा क्रमांकसुद्धा माहीत नसतो. पगाराची स्लिप मागा, क्रमांक घ्या आणि कुटुंबातल्या सगळ्यांची नावं त्यात चढली आहेत का ते बघा.

पुणे भागात चिंचवडला मोहननगर इथे आणि बिबवेवाडीला ईएसआयची रुग्णालयं आहेत. नेरे परिसरासाठी मोहननगर सोयीचं. आधी तुम्हाला जोडून दिलेल्या दवाखान्यात जायचं, तिथून पुढे पाठवतात. रुग्णालयात एखादी सोय नसेल तर ते बाहेरच्या करारबद्ध रुग्णालयात पाठवतात. अशी चिठ्ठी हातात नसताना स्वतःहून बाहेर भरती झालात तर पैसे परत मिळवणं फार कठीण जातं.

दोन गोष्टींत गल्लत करू नका. नोकरी नवऱ्याची असेल तर बायकोला उपचार मिळतात, पण पगारी प्रसूतिरजेचे पैसे मिळत नाहीत. नोकरी तुमची स्वतःची असेल, तर आधीच्या सलग दोन अंशदान कालावधींत मिळून किमान ७० दिवसांचं अंशदान भरलेलं असल्यास पहिल्या दोन मुलांसाठी २६ आठवड्यांचं वेतन मिळतं. म्हणूनच दिवस गेल्याचं कळताच ठेकेदार “तुला विश्रांतीची गरज आहे, थोडे दिवस घरी बस” म्हणाला, तर लगेच नोकरी सोडू नका. आधी दिवस मोजा, आणि काही लिहून देण्याआधी ईएसआयच्या शाखा कार्यालयात विचारा.

खासगी डॉक्टरांकडे तपासणी, सरकारीत बाळंतपण

हा मधला मार्ग अनेक जणी घेतात आणि त्यात काही चूक नाही. गावाजवळच्या खासगी डॉक्टरांकडे गर्दी कमी असते, बाई डॉक्टर असतात, वेळ सोयीची असते. पण तीन अटी पाळा. पहिली, सरकारी नोंदणी तरीही करा. दुसरी, प्रत्येक सोनोग्राफी आणि रक्ततपासणीचा कागद स्वतःजवळ ठेवा. फाइल दवाखान्यात राहू देऊ नका. तिसरी, डॉक्टरांना पहिल्याच भेटीत सांगा: “बाळंतपण आम्ही औंधला करणार आहोत.” चांगल्या डॉक्टर त्यावर नाराज होत नाहीत; कोणत्या आठवड्यात तिकडे जायला हवं हे त्या स्वतः सांगतात. सांगायला संकोच वाटला आणि नवव्या महिन्यात भीड पडून तिथेच भरती झालात, तर ती भीड फार महाग पडते.

खासगीत बाळंत व्हायचंच ठरलं असेल तर नॉर्मल, सिझर आणि बाळाचा विभाग अशा तिन्हींचा खर्च आधी लेखी मागा. २०२१ च्या नियमांनुसार महाराष्ट्रातल्या खासगी रुग्णालयांनी दरपत्रक आणि रुग्ण हक्कांची सनद दिसेल अशी लावायची आहे. भिंतीवर ती नसेल तर विचारा.

आणि एक. सोनोग्राफीत मुलगा की मुलगी हे विचारणं आणि सांगणं दोन्ही गुन्हा आहे. असं सुचवणाऱ्या दवाखान्यात दुसऱ्यांदा पाऊल ठेवू नका.

धर्मादाय रुग्णालयातल्या खाटा

पुण्यातली बरीच मोठी रुग्णालयं धर्मादाय ट्रस्टची आहेत. मुंबई उच्च न्यायालयाने २००६ मध्ये मान्य केलेल्या योजनेनुसार त्यांनी १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के खाटा दुर्बल घटकांसाठी निम्म्या दरात ठेवायच्या आहेत. वार्षिक उत्पन्नाची मर्यादा अनुक्रमे १ लाख ८० हजार आणि ३ लाख ६० हजार. रेशनकार्ड किंवा तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला लागतो. दाखला बाळंतपणाच्या वर्षातला ताजा असू द्या आणि सातव्या महिन्यातच काढून ठेवा. रुग्णालयात गेल्यावर बिलिंगच्या खिडकीवर न जाता थेट समाजसेवा अधिकाऱ्यांना भेटा.

तातडीच्या वेळी अशा रुग्णालयाने अनामत रकमेसाठी निर्धन रुग्णाला अडवायचं नाही. आधी जीव वाचवायचा. मार्च २०२५ च्या अखेरीस पुण्यात एका गर्भवतीच्या मृत्यूनंतर अनामत रकमेच्या मागणीचा आरोप झाला आणि राज्यभर संताप उसळला. या नियमाची आठवण त्या वेळी सगळ्यांना झाली. तुम्ही ती आधीच ठेवा, आणि दारात कुणी अडवलं तर “तातडीची केस आहे, अनामत नंतर, आधी दाखल करा” हे ठामपणे म्हणा.

भाड्याने राहणाऱ्या आणि हंगामापुरत्या आलेल्या बायकांसाठी

मारुंजी-नेरे भागात मराठवाडा, विदर्भ आणि परराज्यांतून आलेली कितीतरी कुटुंबं भाड्याने राहतात. कासारसाई-दारुंब्रेच्या संत तुकाराम साखर कारखान्याच्या हंगामात ऊसतोड कुटुंबंही येतात. कोपीत राहणाऱ्या गरोदर बाईलाही हे सगळं लागू आहे. गावात घर नाही, रेशनकार्ड बीडचं आहे, म्हणून उपकेंद्रात नोंदणी नाकारता येत नाही. आयुष्मान कार्ड तर देशभर चालतं. तुमच्या शेतात तोड चालू असेल आणि एखादी बाई भरल्या दिवसांनी मोळ्या उचलताना दिसली, तर आशाताईंचा नंबर तिला द्या, मुकादमालाही द्या.

याच बायकांच्या संदर्भात दुसरी एक गोष्ट बोलायला हवी. अंगावरून जातं, पोटात दुखतं, म्हणून “पिशवी काढून टाका” हा सल्ला फार सहज दिला जातो. २०१९ मध्ये बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड महिलांची पाहणी झाली, तेव्हा सुमारे ८२ हजार बायकांपैकी १३ हजारांहून जास्त जणींची पिशवी काढलेली आढळली. कार्डावर फुकट होतंय किंवा डॉक्टर घाईने सांगतायत, हे पिशवी काढण्याचं कारण होऊ शकत नाही. त्याआधी औंध किंवा वायसीएमच्या स्त्रीरोग ओपीडीत दुसरं मत घ्या. सोनोग्राफीत काय दिसलं, गोळ्यांनी बरं होईल का, न काढल्यास काय होईल, अंडाशय ठेवणार का, हे चार प्रश्न विचारल्याशिवाय सही करू नका.

पैशाच्या योजना, थोडक्यात

प्रधानमंत्री मातृ वंदना योजनेत पहिल्या बाळासाठी दोन हप्त्यांत ५,००० रुपये आणि दुसरं अपत्य मुलगी असेल तर ६,००० रुपये मिळतात. जननी सुरक्षा योजनेत दारिद्र्यरेषेखालील, अनुसूचित जाती आणि जमातीच्या ग्रामीण बाईला सरकारी संस्थेत बाळंत झाल्यावर ७०० रुपये. दोन्हींसाठी बँक खातं बाईच्या स्वतःच्या नावाचं आणि आधारशी जोडलेलं हवं. अर्ज आशाताई किंवा अंगणवाडीताई भरून घेतात.

ही लक्षणं दिसली तर योजनेचा विचार बाजूला ठेवा

अंगावरून रक्त जाणं, पाणी जाणं, डोकं ठणकणं आणि डोळ्यांपुढे अंधारी, झटके, तोंड-हात सुजणं, बाळाची हालचाल कमी होणं, ताप. १०८ ला फोन करा. ती गाडी मोफत आहे. बाळंतपणाला नेण्या-आणण्यासाठी १०२. दोन्ही नंबर घरातल्या प्रत्येकाच्या मोबाइलमध्ये असू द्या आणि गाडी यायला उशीर झाला तर कोणाची रिक्षा किंवा जीप मिळेल हे आधी बोलून ठेवा. पिशवीत केसपेपर, माता-बाल कार्ड, आधार, रेशनकार्ड, तपासण्यांचे कागद आणि रक्तगटाचा कागद तयार असावा.

पैसे मागितले, नाकारलं, अडवलं तर

पैसे मागणाऱ्याला पहिलं उत्तर एकच: “पावती द्या.” बरेच वाद इथेच मिटतात. पावती मिळाली तर तक्रारीला आधार मिळतो. मिळाली नाही तर तारीख, वेळ, वॉर्ड आणि बोलणाऱ्याचं पद लिहून ठेवा.

सरकारी रुग्णालयात असाल तर वैद्यकीय अधीक्षकांना लेखी द्या आणि पोच घ्या. त्यावर हालचाल झाली नाही तर ग्रामीण भागासाठी जिल्हा आरोग्य अधिकारी, महापालिकेच्या रुग्णालयासाठी तिथले आरोग्य वैद्यकीय अधिकारी. योजनेतल्या रुग्णालयात आधी आरोग्यमित्र, मग १५५३८८, मग योजनेचे जिल्हा समन्वयक. धर्मादाय रुग्णालयाची तक्रार पुण्याच्या धर्मादाय सहआयुक्त कार्यालयात. बिल थकलं म्हणून आईला किंवा बाळाला रुग्णालयात अडकवून ठेवणं बेकायदेशीर आहे. तसं झालं तर पोलिसांना फोन करा आणि बिलाचा वाद वेगळा लढा. प्रसूतीच्या खोलीत शिवीगाळ, चापट, पडदा न लावणं याचीही तक्रार होते. बाळंतपणात थोडं सोसायचं असतं, असं म्हणून ती गिळून टाकू नका.

घरी जाताना डिस्चार्ज कार्ड, बाळाच्या जन्मनोंदीची पावती आणि पहिल्या लसींची नोंद हातात घेतल्याशिवाय निघू नका. घरी सोडणारी गाडी मागा, ती तुमच्या हक्कात आहे. आणि पुढच्या वर्षभरात बाळ आजारी पडलं तर आधी सरकारी रुग्णालयात न्या. तिथे त्याचे उपचार मोफत आहेत.